पाठमोऱ्या थांब्याची कैफियत

सकलगुणालंकृत, अखंडितशिक्काअलंकृत, राजमान्य राजश्री हेडसाहेब, वसाहतीचे अध्यक्ष, यांचे सेवेसी, वसाहतीचा चिटणीस, पेशा छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढणे, कृतानेक विज्ञापना ऐसी जे: साहेबीं जातीने आज्ञा केली की शहराच्या शेवटल्या टोकास, जेथे डांबरी रस्ता दमून बसतो आणि पुढे नुसते रान लागते, तेथे ही आपली वसाहत कोणी वसविली, पहिला कोण आला, मागून कोण आला, आणि बससारखी दुर्घट चीज या मुलखात कैसी आणविली, हे आद्यंत लिहून काढावे, आणि पहिला मान कोणाचा हे चिटणिसाने आपले आपण समजून घ्यावे. त्यावरून आम्ही समजून घेतले. तरी जे डोळ्यांनी पाहिले, आणि जे भिंतीपलीकडून ऐकिले (भिंती पातळ, सबब ऐकू बहुत येते), ते येणेप्रमाणे लिहितो.

पेशजी येथे काही नव्हते. काटेरी झुडपे होती आणि वारा होता, आणि वाऱ्यास अडवील ऐसे काही नसल्याने तो मोकाट सुटे. मग शहरात ज्याचे भावांशी पटेना, ज्यास वरल्या मजल्यावरचे रोजचे भांडण सोसवेना, ज्याच्या सुनेस वेगळी चूल हवी जाहली, ऐसे नाना पेशाचे, नाना स्वभावाचे, परस्परांस कधी न पाहिलेले लोक या रानात उतरले, आणि उतरताक्षणी 'आम्हीच आधी आलो' म्हणून भांडू लागले.

यांत अग्रगण्य खासे हेडसाहेब. चाळीस वर्षे दप्तरखात्यात नोकरी करून निवृत्त जाहले, आणि या मुलखातील पहिल्या जागेचे खरेदीखत त्यांचे नावे. खरेदीखत जाहल्यावर साहेब दोन वर्षे शहरातच राहिले, कारण येथे संडासाचे दार बसले नव्हते. त्यांचे म्हणणे, कागद आला तेव्हाच मनुष्य आला. दुसरे टेलरमास्तर. ते दारे बसण्याआधीच शिलाई मशीन डोक्यावर घेऊन डेरेदाखल जाहले आणि दारांचे जागी अस्तराचे कापड टांगून राहिले. त्यांचे म्हणणे, ज्याची चूल आधी पेटली तो आधी आला. तिसऱ्या, शिकवणीच्या बाई. त्यांनी घरास रंग लागण्याआधी पाटी लाविली. त्यांचे म्हणणे, पाटी नाही तोवर वस्ती कसली, ते नुसते रान. येणेप्रमाणे एकाच वसाहतीत तीन शक चालू जाहले, खरेदीशक, शिलाईशक आणि पाटीशक. वसाहतीचा वाढदिवस वर्षातून तीन वेळा होत असे आणि प्रत्येक वेळी दोन घरे रुसून बसत.

चौथी सिस्टर. ही शहरातील इस्पितळात परिचारिका, वैधव्य तरुणपणीच आले, संगे सासू. सिस्टरीने कधी पहिलेपणाचा दावा केला नाही, कारण ड्यूटीवरून आल्यावर तिला झोप येई. वसाहतीतील कोणाचा रक्तदाब चढला, कोणाचा उतरला, कोणास सुई टोचणे, कोणाचे टाके काढणे, ही सर्व कामगिरी तिचेकडे. खासे हेडसाहेबांस साखरेची सुई रोज सकाळी तीच देत असे, आणि साहेब त्या समयी डोळे मिटून घेत, हे आम्ही खिडकीतून पाहिले आहे.

याखेरीज वसाहतीच्या टोकास पत्र्याच्या शेडी होत्या. तेथे मिस्त्री, त्याची बायको आणि त्यांचे अकरा भाईबंद राहात. घरे बांधणारे हेच. परंतु यांस वसाहतीत मोजण्याची चाल नव्हती.

आता मसलतीचे मूळ काय, तर सिस्टरीच्या सासूची दोन्ही मूत्रपिंडे रुसली होती आणि दर तिसऱ्या दिवशी इस्पितळात जाऊन यंत्रावर रक्त धुऊन आणणे तिला प्राप्त जाहले. बस जुन्या थांब्यावरूनच माघारी फिरे, आणि जुना थांबा वसाहतीपासून चांगला पाऊण कोस. म्हातारीस दहा पावलांवर धाप लागे. रिक्षावाले या मुलखाचे नाव काढिताच मान फिरवीत. तेव्हा मिस्त्रीने आपली वाळू वाहण्याची हातगाडी धुऊन पुसून आणिली, तीत त्याच्या बायकोने गोधडी घातली, आणि दर तिसऱ्या दिवशी, न चुकता, म्हातारी त्या रथात आरूढ होऊन, छत्री उघडून, जुन्या थांब्यावर स्वारी करू लागली. हे पाहून शिकवणीच्या बाईंस लाज वाटे. त्या म्हणत की वसाहतीची इभ्रत जाते, पाहुण्यांनी पाहिले तर काय म्हणतील. परंतु हातगाडी ओढण्यास त्या कधी आल्या नाहीत, आणि खरे सांगावे तर आम्हीही गेलो नाही.

ऐसे चालले असता शेवटल्या घराचा गिलावा पुरा जाहला आणि मिस्त्रीस हुकूम आला की महिनाअखेर शेडी मोडून दुसऱ्या कामावर रुजू व्हावे. ही खबर लागताच सिस्टर ड्यूटीच्या कपड्यांनिशी सभेत आली आणि उभ्या उभ्या बोलली.

"मिस्त्री चालले. आता आईंना थांब्यापर्यंत नेणार कोण? पहिल्या तारखेला बस इथवर आली तर मी राहते, नाहीतर घर खाली करते. दिरांच्या स्वयंपाकघराला लागून एक खोली आहे, तिथे राहू."

तिची सासू मागे खुर्चीत होती, ती म्हणाली, "मी नाही जायची त्या खोलीत. तिथली खिडकी उघडली की समोर भिंत. मरायचंच असेल तर इथे मरते, इथे वारा तरी आहे."

सिस्टर म्हणाली, "आई, गप्प बसा हो," आणि सभेत कोणी कोणाकडे पाहीना.

मग हेडसाहेबांचा नूर पालटला. दया आली म्हणावे तर आलीही असेल, परंतु त्यांचा हात नकळत दंडावर, सुई टोचण्याच्या जागी गेला, हे चिटणिसाने पाहिले. टेलरमास्तरांनी आपली नाडी आपणच धरून पाहिली. बाईंनी गुडघा चोळला. सिस्टर गेली तर या रानात आपले काय होणार, हा विचार एकाच क्षणी सर्वांचे ठायी उत्पन्न जाहला, आणि वसाहतीच्या इतिहासात प्रथमच ठराव एकमताने पास जाहला, की काय वाटेल ते करून बस आणावी.

मग वाहतूक कचेरीस खलिता रवाना केला. आठव्या दिवशी जबाब आला, की पंचविसाव्या तारखेस निरीक्षकसाहेब गाडी घेऊन चाचणीस येतील, त्या समयी पुढील अटी पुऱ्या असाव्या: एक, प्रवाशांस उभे राहण्यास पक्का निवारा. दोन, थांब्यावर किमान चाळीस रहिवासी प्रवासी हजर. हेडसाहेबांनी जबाब वाचिला, डोळ्यांस लाविला, आणि चाळीस वर्षांच्या शिरस्त्याप्रमाणे तत्क्षणी डिंकाची बाटली काढून तो वहीत गच्च चिकटविला. साहेबांचे हातून कागद वाऱ्यावर राहिला ऐसे कधी घडले नाही. त्या कागदास मागली बाजूही होती, आणि तीवर काही लिहिले होते, हे त्या घडीस या भूमंडळी केवळ डिंकास ठाऊक.

मग निवारा कोठे आणि कैसा, यावर तीन दिवस खलबत चालले. जागा रस्त्याच्या टोकास ठरली, तेथवर काही बखेडा जाहला नाही. बखेडा जाहला तो तोंडावरून. हेडसाहेब म्हणत, निवाऱ्याचे तोंड पहिल्या गल्लीकडे असावे. टेलरमास्तरांनी उत्तर पाठविले की तोंड दुसऱ्या गल्लीकडेच हवे, नाहीतर ते एक वीटही उचलणार नाहीत. बाईंचा आग्रह तिसऱ्या गल्लीचा, कारण मुले शिकवणीस तिकडून येतात. तीन गल्ल्या आणि चौथा रस्ता. रस्त्याकडे तोंड करावे ऐसे एकास सुचले होते, परंतु रस्त्याच्या पलीकडे हेडसाहेबांच्या मेहुण्याची रिकामी जागा होती, सबब त्यात साहेबांचा डाव आहे ऐसे टेलरमास्तरांस वाटले आणि तीही बाजू बाद जाहली. शेवटी तिन्ही पक्षांत तह जाहला, की कोणाचाच वरचष्मा नको, म्हणून ज्या दिशेस कोणीच राहात नाही, तिकडे तोंड करावे. ती दिशा म्हणजे मागले रान, जेथे सर्व घरांचा राडारोडा टाकिला होता. या तहावर सर्वांनी सह्या केल्या आणि एकमेकांचे अभिनंदन केले.

मिस्त्रीस बोलावून ठराव दाखविला. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि डोके खाजवून म्हणाला, "साहेब, असं केलं तर रस्ता पाठीमागे राहतो."

हेडसाहेबांनी फर्माविले की ठराव पास जाहला आहे, आणि ज्यास मत नाही त्याने मत देऊ नये.

मिस्त्री म्हणाला, "बरं. तुमचा निवारा, तुमचं तोंड."

मग त्याने पाया खणिला आणि भिंती उठविल्या, आणि त्याच्या बायकोने विटा पोचविल्या, आणि सहा दिवसांत निवारा उभा राहिला. भिंत ऐसी सरळ की टेलरमास्तरांनी आपली टेप लावून पाहिली आणि तशीच गुंडाळून ठेविली. निवारा पुरा जाहल्यावर मिस्त्रीच्या मनात आले, की माणसे आत शिरणार तर त्यांस राडारोड्यातून चढून यावे लागेल. मग त्याने अकराही भाईबंद लाविले, समोरचा सगळा ढिगारा उचलून कडेला लोटिला आणि मैदान साफ केले. हे काम ठरावात नव्हते, सबब त्याची नोंद वहीत नाही. येथे करितो.

निवारा जाहला, मग शिरगणती. हेडसाहेबांनी घरोघर मोजिले. तान्ही मुले वगळून, परगावी गेलेले वगळून, एकूण सत्तावीस. पुन्हा मोजिले, पुन्हा सत्तावीस. टेलरमास्तर म्हणाले की शिंप्याच्या दुकानातले पुतळेही उभे करू, परंतु त्यांस डोकी नाहीत हे कोणी तरी लक्षात आणून दिले. मग सर्वांच्या नजरा एकामागून एक पत्र्याच्या शेडींकडे वळल्या. शेडींत माणसे नेमकी तेरा. पाच वर्षे ज्यांनी नळास आधी हात लाविला म्हणून तंटे जाहले, ज्यांचे नाव रहिवाशांच्या यादीत घालावे म्हणून सिस्टरीने दोनदा अर्ज दिला आणि दोनदा 'विचाराधीन' ऐसा शेरा पडला, त्यांच्याविषयी आता ठराव पास जाहला की सदर तेरा इसमांस पंचविसाव्या तारखेपुरते, सकाळी आठ ते अकरा, रहिवासी समजावे. साहेबांनी तो ठराव जातीने नेऊन मिस्त्रीस वाचून दाखविला.

मिस्त्रीची बायको चुलीपुढून म्हणाली, "आणि अकरा वाजल्यावर?"

हेडसाहेब म्हणाले, "नंतरचं नंतर पाहू."

ती म्हणाली, "आम्ही येतो. तुमच्यासाठी नाही हं, आजीसाठी."

पंचविसावी तारीख उजाडली. आठाच्या ठोक्यास सर्व फौज निवाऱ्यात दाखल. हेडसाहेब कोट घालून आघाडीस, टेलरमास्तर नव्या सदऱ्यात उजव्या बगलेस, बाई रुमाल घेऊन डाव्या बगलेस, मध्यभागी हातगाडीत छत्री उघडून सिस्टरीची सासू, तिच्या खांद्यावर हात ठेवून सिस्टर, आणि मागे तेरा एकदिवसी रहिवासी. दोन तास कोणी हलले नाही. मग धुरळा दिसला आणि खासी बस आली, आत निरीक्षक आणि ड्रायव्हर. बस रस्त्यावर थांबली, आणि निरीक्षक उतरून पाहतो तो समोर नुसती कोरी भिंत, माणूस एक नाही.

"कुठे आहेत सगळे?" तो ओरडला.

"इकडे! पाठीमागे!" भिंतीपलीकडून चाळीस कंठांतून जबाब गेला.

निरीक्षक वळसा घालून आला, निवारा पाहिला, पुन्हा रस्ता पाहिला, पुन्हा निवारा पाहिला. ड्रायव्हर मात्र हसून हसून बेजार जाहला. मग निरीक्षकाने माणसे मोजिली. चाळीस भरली. निवारा ठोकून पाहिला. पक्का निघाला. मग त्याने जबाबाची आपली प्रत काढून उलटली आणि विचारिले, "तिसरी अट? गाडी वळायला जागा कुठे आहे?"

हेडसाहेबांनी निक्षून सांगितले की तिसरी अट नाही. निरीक्षकाने सांगितले की आहे, मागल्या बाजूस आहे. मग वही आणिली, कागद ओढिला, डिंक पक्का, कागद मधोमध फाटला, आणि मागील अक्षरे वहीच्या पानावर उलटी उमटलेली निघाली, त्यांत 'वळण' एवढे वाचता आले. दप्तरखात्यातील चाळीस वर्षे त्या क्षणी साहेबांच्या तोंडावरून उतरली. ते खाली बसले. निरीक्षक पेन उघडून म्हणाला की रस्ता अरुंद, दोहों बाजूंस गटारे, इतकी लांब गाडी उलटी नेता येत नाही, नामंजूर लिहितो.

 सिस्टरीने वाकून सासूच्या पायावरची गोधडी नीट केली, पुन्हा पुन्हा नीट केली. सासू म्हणाली, "राहू दे ग. खिडकीला पडदा लावू तिथे. भिंत दिसणार नाही."

इतक्यात मिस्त्री पुढे आला. "साहेब, थांबा. वाळूचा ट्रक रोज इथेच वळायचा की."

"इथे कुठे?"

"निवारा उभा आहे ना, त्या जागेला वळसा घालून. पाच वर्षं वळला. जमीन दगडासारखी झालीय. कामं संपताना त्यावर राडारोडा पडला, तो परवाच उचलला."

निरीक्षक ड्रायव्हराकडे पाहू लागला आणि ड्रायव्हर मैदानाकडे. मग मिस्त्री कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता मैदानात जाऊन उभा राहिला, दोन्ही हात वर केले, आणि जैसा ट्रकास वळवी तैसा बसगाडीस वळवू लागला. "येऊ द्या... येऊ द्या... डावी मारा... अजून डावी... सरळ... बास!" ती अगडबंब गाडी निवाऱ्याच्या पाठीकडून निघाली, भिंतीस वळसा घालून रानात शिरली, आणि फिरत फिरत थेट निवाऱ्याच्या तोंडापुढे येऊन उभी राहिली, ऐसी की तिचे दार उघडले ते म्हातारीच्या हातगाडीसमोर. पुढे पाहावे तो गाडीचे नाक शहराकडे वळण्यास तयार. निवाऱ्याचे तोंड रस्त्याकडे असते तर गाडीस रानात शिरण्याचे कारण न पडते, आणि ढिगारा तेथेच राहता.

ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "आजी, चढताय का?"

तेव्हा सिस्टरीने तोंडावर दोन्ही हात घेतले आणि ती सर्वांसमक्ष रडली. मिस्त्रीच्या बायकोने तिला जवळ घेतले. घड्याळात दहा वाजून चाळीस मिनिटे जाहली होती, म्हणजे ती अद्याप वीस मिनिटे रहिवासी होती.

निरीक्षकाने मंजुरीचा शेरा लिहिला, आणि खाली लिहिले की पाठमोरा निवारा ही कल्पना अपूर्व असून अन्य ठिकाणीही अमलात आणण्याजोगी आहे. हे ऐकताच हेडसाहेब उठून उभे राहिले, कोट झटकिला, आणि जाहीर केले की बहुत विचार करूनच हे तोंड ठरविले होते. टेलरमास्तर म्हणाले, कल्पना मूळ त्यांची. बाई म्हणाल्या, ठरावाचा मसुदा त्यांचा. मग निवाऱ्यावर संगमरवरी पाटी बसविण्याचे ठरले, आणि 'आद्य वसाहतकार' या मथळ्याखाली तिघांची नावे गोलाकार कोरावी, म्हणजे कोणी पहिले नाही, कोणी शेवटले नाही. पाटी मिस्त्रीनेच बसविली. त्याने ओळंबा लावून पाहिला आणि ती सरळ आहे ऐसे सांगितले.

येणेप्रमाणे वसाहतीची फत्ते जाहली, बस कायम जाहली, सिस्टर घर सोडून गेली नाही, साहेबांची सुई चुकली नाही. हेडसाहेबांच्या पुढाकाराने हा विजय प्राप्त जाहला, हे आज्ञेप्रमाणे या पानावर नमूद केले. शिक्का.

(पान मागे.)

साहेब कागदाची मागली बाजू वाचीत नाहीत आणि हा कागदही आज सायंकाळी वहीत चिकटविला जाईल, हे जाणून चिटणीस पुढील मजकूर येथे लिहितो.

पहिल्या तारखेस पहिली बस आली. तीत प्रथम सिस्टरीचा हात धरून तिची सासू चढली, इस्पितळाचा दिवस होता. तिच्यामागे मिस्त्री, त्याची बायको आणि अकरा भाईबंद, पत्रे दोरीने बांधलेले, घमेली एकात एक, हातगाडी टपावर. वसाहतीतले निरोपास दुसरे कोणी नव्हते, कारण पाटीचे अनावरण दहा वाजता होते आणि सर्व तयारीत गुंतले होते. चिटणीस होता, तो भिंतीआड उभा होता, पुढे येण्याची त्यास लाज वाटली. शिरगणतीच्या यादीवर सही त्याचीही होती.

म्हातारीने विचारिले, "आता कुठे रे?"

"दुसऱ्या टोकाला, आजी. शहर तिकडेही वाढतंय."

"तिकडे वस्ती आहे?"

"अजून कोणीच नाही," मिस्त्री म्हणाला, आणि हातातली पिशवी मांडीवर घेऊन बसला. "आम्हीच पहिले."

येथेही तेच पहिले होते. टेलरमास्तरांच्या चुलीवरचे पहिले पाणी मिस्त्रीच्या बायकोने आणिले, बाईंच्या पाटीचा खिळा त्याने ठोकिला, आणि हेडसाहेब दोन वर्षांनी आले तेव्हा घराची किल्ली त्यांच्या हातात त्यानेच ठेविली. चुका काढणे हा आमचा पेशा, सबब ही काढिली. ज्यास खरे पाहणे असेल त्याने डिंक ओला करून हळू सोडवावे, ओढू नये, कागद फाटतो.